आम्ही आणि आपण

मराठीला उत्तम पुरुषाच्या अनेकवचनासाठी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. संस्कृतात हा भेद नाही, हिंदीतही नाही. मराठीने आणि गुजरातीने तो जपला आहे, आणि अनेक भाषाभ्यासक त्यात द्राविडी भाषांच्या दीर्घ सहवासाची खूण पाहतात. तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ ही दोन रूपे नेमका हाच भेद दाखवतात. व्याकरणाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारी ही गोष्ट एका निवृत्त शिक्षिकेला मात्र उतारवयात, चेन्नईच्या त्यागरायनगरात, नव्याने शिकावी लागली. आणि ती शिकवणारा होता त्यांचा नातू, ज्याला सर्वनामेच नीट वापरता येत नव्हती.

या शिक्षिकेने चौतीस वर्षे पुण्याच्या एका मराठी शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवले. शाळेत, गल्लीत, वाण्याच्या दुकानात सगळीकडे त्या ‘बाई’ होत्या. २००४ साली त्या निवृत्त झाल्या आणि यजमानांच्या निधनानंतर, २०११ मध्ये, लेकीकडे चेन्नईला राहायला आल्या. इथे शेजारपाजारची मुले त्यांना ‘पाट्टी’ म्हणू लागली. तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. बाईंच्या मराठी कानांना ते ‘पाटी’ असेच ऐकू येई. जन्मभर जिच्यावर अक्षरे गिरवून घेतली तिच्याच नावाने आता आपल्याला हाक मारली जाणार, याची त्यांना प्रारंभी गंमत वाटे.

त्यागरायनगर, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेले टी. नगर, हे बाजाराचे उपनगर आहे. १९२० च्या दशकात लाँग टँक नावाच्या विस्तीर्ण तलावाची जमीन भरून काढून ते वसवण्यात आले. त्याला नाव मिळाले जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे. मधोमध असलेल्या उद्यानाला पानगलच्या राजांचे नाव आहे, डॉ. नायर, उस्मान, जी. एन. चेट्टी ही रस्त्यांची नावेही त्याच काळातली आणि बहुतांशी त्याच राजकारणातली. ज्या समाजांपुढे विद्यालयांची आणि कचेऱ्यांची दारे अर्धवट उघडत, त्यांना ती पूर्ण उघडून हवीत अशी मागणी करणारी ती पिढी होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये जे केले त्याच्याशी या मागणीचे जवळचे नाते आहे. शाळेच्या दारात कोण उभे राहू शकतो आणि कोण नाही, हा प्रश्न या वस्तीच्या पाट्यांवरच कोरलेला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसत नाही, इतकेच.

दिसते ती गर्दी. मांबलम स्थानकातून रंगनाथन स्ट्रीटवर उतरणारा लोंढा, साड्यांची आणि स्टीलच्या भांड्यांची बहुमजली दुकाने, सोन्याच्या पेढ्या, मोगऱ्याच्या टोपल्या, रिक्षांचे भोंगे आणि दिवाळीच्या आधीचे ते पंधरा दिवस, जेव्हा रस्ता म्हणजे केवळ माणसांची डोकी असतात. बाईंना लक्ष्मी रोडची सवय होती. त्यांना या गर्दीचे काही वाटले नाही. पण तीन वर्षांचा नातू उस्मान रोडच्या कोपऱ्यावर आला की दोन्ही तळहातांनी कान झाकी आणि जमिनीवर बसे. उचलले तर अंग ताठ करी, ओरडे, कधी स्वतःच्याच मनगटाला चावे. जाणारे-येणारे थांबत. कुणी म्हणे हट्टी आहे, कुणी म्हणे लाडावलेला आहे. घरात कुकरची शिट्टी होण्यापूर्वी तो दुसऱ्या खोलीत पळालेला असे. मात्र मांबलमच्या फलाटावरून जाणाऱ्या लोकल गाड्यांचे आवाज त्याला प्रिय होते. ताम्बरमची गाडी आणि बीचची गाडी यांतला फरक तो डोळे मिटून ओळखी.

बोलणे त्याला उशिरा आले, आणि आले ते उलटे होऊन. तहान लागली की तो म्हणे, ‘तुला पाणी पाहिजे?’ बाईंनी शिक्षिकेच्या सवयीने सुधारणा केली : ‘मला म्हण.’ मुलाने आज्ञाधारकपणे उत्तर दिले, ‘मला म्हण.’ चौतीस वर्षांत असा विद्यार्थी आपल्यापुढे आला नव्हता, असे बाईंना वाटले. हे खरे नव्हते. पण ते त्यांच्या ध्यानात यायला आणखी दोन वर्षे जायची होती.

या अवस्थेला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द ‘ऑटिझम’ ग्रीक ‘ऑटोस्’ म्हणजे ‘स्वतः’ यापासून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉइलर याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी घडवला. मराठीने त्याचे इमानदार भाषांतर केले. परंतु शब्द भाषांतरित होतो तेव्हा तो नव्या भाषेतील जुन्या सोबत्यांत जाऊन बसतो. ‘मग्न’ हा मराठीत सुखाचा शब्द आहे. भक्त नामात मग्न होतो, गायक सुरात मग्न होतो. आणि आत्ममग्न कवी हे तर आपल्या समीक्षेने कित्येकांना दिलेले प्रशस्तिपत्र आहे. त्यामुळे स्वमग्न मूल म्हटले की नजरेपुढे येते ते स्वतःतच रमलेले, जगाकडे पाठ फिरवलेले, आपल्यातच सुखी असलेले मूल. टी. नगरच्या कोपऱ्यावर कान झाकून बसलेला मुलगा असा नव्हता. तो जगात बुडाला होता. जगाचा प्रत्येक आवाज, प्रत्येक उजेड, कपड्यांची प्रत्येक शिवण त्याच्यावर एकाच वेळी चालून येत होती आणि त्यांतले काय महत्त्वाचे, काय सोडून द्यायचे, हे ठरवणारा पहारेकरी त्याच्या दारावर नव्हता. नाव देण्यात आपण एक अर्थ देतो, आणि तो चुकला तर पुढची सारी वागणूक चुकते.

ही चूक काही मराठीची एकटीची नव्हे. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांत आठ मुलगे होते, तीन मुली. त्यांचे एकटेपण, बदलाची भीती, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी परत म्हणण्याची रीत आणि ‘मी’ व ‘तू’ यांची अदलाबदल हे सारे त्याने अतिशय बारकाईने टिपले. दुसऱ्या वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगर याने अशाच दुसऱ्या काही मुलांविषयी लिहिले. निरीक्षण उत्कृष्ट होते; कारणमीमांसा मात्र वाट चुकली. आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या थंडपणामुळे मूल असे गोठते, अशी कल्पना रूढ झाली, आणि ब्रूनो बेटलहाइम याच्या १९६७ च्या पुस्तकाने तिला मोठीच प्रतिष्ठा मिळाली. त्यापूर्वी, १९६४ मध्येच, बर्नार्ड रिम्लंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, हे मेंदूच्या जडणघडणीतले वेगळेपण आहे, पालकांचा दोष नव्हे, हे साधार मांडले होते. तरीही दोन-अडीच दशके जगभरच्या आयांनी मुलाच्या अवस्थेबरोबर स्वतःवरचा आरोपही वाहिला. २०१२ मध्ये बाईंच्या लेकीलाही एका नातेवाइकाने विचारलेच : ‘तू नोकरी करतेस, म्हणून तर नाही ना?’ विज्ञानाने मागे घेतलेले सिद्धांत घराघरांत फार काळ जिवंत राहतात.

मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा शाळेचा प्रश्न उभा राहिला. वर्ष होते २०१३. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा लागू होऊन तीन वर्षे झाली होती आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा त्यात स्पष्ट उल्लेखही आला होता. लेक आणि बाई घराजवळच्या शाळा पाहू लागल्या. सोबत असत त्या तळमजल्यावरच्या बाई, एका तंजावरी मराठी कुटुंबातल्या. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ अशा दोन भाषांत त्यांच्या अनेक पिढ्या सहज वावरल्या होत्या. शाळांनी कुठेही उद्धटपणा केला नाही. एका शाळेत तर कॉफीही मिळाली. मुख्याध्यापिकेने मुलाकडे पाहून स्मित केले आणि इंग्रजीत सांगितले, की आमची शाळा चांगली आहे, पण अशा मुलांसाठी आमच्याकडे सोय नाही. त्याच्याच हिताचा विचार करा. मग तेच तिने बाजूच्या लिपिकाला तमिळमध्ये सांगितले. जिना उतरताना तंजावरी शेजारीण म्हणाली, ‘इंग्रजीत कळत नाही बघा. तमिळमध्ये ती नांगळ् म्हणाली. नाम् नाही म्हणाली.’

इंग्रजीचे ‘वुई’ दोन्ही अर्थ पोटात घालून सभ्यपणे उभे राहते. तमिळला आणि मराठीला ती सोय नाही. ‘आम्ही अशी मुले घेत नाही’ या वाक्यात बोलणाऱ्याने एक रेघ ओढलेली असते, आणि ऐकणाऱ्याला आपण रेघेच्या कुठल्या बाजूला आहोत हे सर्वनामच सांगून टाकते. लेक रडली नाही. बाईही रडल्या नाहीत. परंतु त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि याचे कारण केवळ नातवाला प्रवेश नाकारला गेला एवढेच नव्हते.

१९८४ सालची गोष्ट. तिसरीचा वर्ग, पटावर चौपन्न मुले. त्यांत एक मुलगा बाकाखाली बसे. वडील घर सोडून गेले होते हे साऱ्या आळीला ठाऊक होते, म्हणून वर्गालाही ठाऊक होते. तो वह्या फाडी, कुणी हसले की धावून जाई. एके दिवशी त्याने शेजारच्या मुलाच्या दंडाला दात लावले. दुखावलेल्या मुलाचे पालक शाळेत आले. बाईंनी प्रगतिपुस्तकात, सुवाच्य आणि वळणदार अक्षरात, शेरा लिहिला : ‘वर्गाच्या शिस्तीस बाधक. पालकांनी अन्यत्र सोय पाहावी.’ मुलाची आई दुसऱ्या दिवशी आली. वर्गाच्या उंबरठ्यावरच उभी राहिली, आत आली नाही. एवढेच म्हणाली, ‘बाई, तो घरी सारखं तुमचंच नाव घेतो.’ वर्ष संपण्यापूर्वी मुलाचे नाव पटावरून कमी झाले. बाईंच्या दृष्टीने तो प्रसंग तिथेच मिटला होता. एकोणतीस वर्षांनी, जिन्याच्या पायरीवर ऐकलेल्या एका सर्वनामाने तो पुन्हा उघडला.

तो मुलगा स्वमग्न नव्हता. असण्याचे काही कारण दिसत नाही. त्याचे दुःख मनाचे होते, घडलेल्या घटनेतून आलेले. नातवाचा त्रास इंद्रियांतून येत होता, जन्मतःच मिळालेल्या जडणघडणीतून. वैद्यकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. एकाला विश्वासाचे माणूस हवे होते, दुसऱ्याला शांत जागा आणि आधी कळलेला दिनक्रम. पण शाळेच्या बाजूने पाहिले तर दोघांना एकच शब्द लागला : शिस्त. वर्तन ही ज्याची एकमेव भाषा उरली आहे, त्याचे वर्तन वाचण्याऐवजी त्यावर शेरा मारणे हे दोन्ही ठिकाणी घडले. शिक्षकाचे अर्धे काम वाचनाचे असते. बाईंनी त्या मुलाचे वाचन केले नव्हते, फक्त मूल्यमापन केले होते.

कायदा या बाबतीत हळूहळू, पण निश्चित पुढे सरकला आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याच्या यादीत स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला तेव्हा ते प्रथम आले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. त्यांत स्वमग्नता आहे आणि अध्ययन-अक्षमताही आहे. निश्चित प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत, शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क त्याने दिला. बाकाखाली बसणाऱ्या मुलाचे दुःख मात्र कुठल्याच प्रमाणपत्रात मावत नाही. वडील निघून गेल्याचा दाखला कुठले रुग्णालय देणार? अशा मुलासाठी कायद्यात आहे ते एवढेच, की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि त्याला मारता वा मानसिक जाच करता येत नाही. १९८४ मध्ये एवढेही नव्हते. कायदा फाटक उघडू शकतो. वर्गाचा उंबरठा त्याच्या हातात नसतो.

या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि तो आपल्या सर्वसाधारण शाळांच्या पोटात दडलेला आहे. १८०० साली फ्रान्समधील आव्हेरों प्रांताच्या रानात बारा-एक वर्षांचा एक मुलगा सापडला. त्याला बोलता येत नव्हते. तत्कालीन श्रेष्ठ वैद्य फिलिप पिनेल याने तो उपचारापलीकडचा जडबुद्धी आहे असा निर्वाळा दिला. मूकबधिरांच्या पॅरिसमधील संस्थेतल्या झां इतार या पंचविशीतील डॉक्टराला ते पटले नाही. त्याने व्हिक्टर असे नाव ठेवलेल्या त्या मुलाला काही वर्षे शिकवले : आकार, स्पर्श, अक्षरांचे ठोकळे, वस्तू आणि तिचे नाव. व्हिक्टर फार थोडे बोलला. प्रयोग फसला असे स्वतः इतारलाही वाटले. व्हिक्टर हा स्वमग्न असावा असे आजच्या काही अभ्यासकांचे मत आहे. इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने तीच साधने मतिमंद मानलेल्या मुलांसाठी विकसित केली. पुढे रोममध्ये मारिया माँटेसोरी या तरुण डॉक्टरणीने अशाच मुलांना शिकवण्यासाठी या दोघांचे ग्रंथ स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. तिची मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली तेव्हा सर्वत्र कौतुक झाले. तिला मात्र प्रश्न पडला, की निरोगी मुलांच्या शाळांत असे काय चालते, की माझी मुले त्यांच्या बरोबरीला यावीत? या प्रश्नातून १९०७ मध्ये सान लोरेंझोच्या गरीब वस्तीत तिचे पहिले बालगृह निघाले.

ही परंपरा मराठी शिक्षणाला परकी नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला तो माँटेसोरीच्या विचारांच्या आधारावर. आणि ताराबाईंनी, पुढे अनुताई वाघांसह, तो विचार बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेऊन आपल्या मातीत रुजवला. खुद्द माँटेसोरी १९३९ मध्ये भारतात आल्या त्या मद्रासलाच. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून अड्यार येथे त्यांनी सुमारे तीनशे शिक्षकांचा पहिला वर्ग घेतला. ते अड्यार टी. नगरपासून थोड्याच अंतरावर आहे. बाईंनी प्रशिक्षणात खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवली होती, आणि पुढे शेकडो मुलांकडून गिरवून घेतली होती. ती अक्षरे ज्यांच्यासाठी प्रथम शोधली गेली ती मुले कोणती होती, हे मात्र त्यांना चेन्नईला आल्यावर, नातवासाठी पुस्तके धुंडाळताना कळले. ज्या मुलांना आपली शाळा सोय नाही म्हणून परत पाठवते, त्याच मुलांनी तिला शिकवण्याची रीत दिली आहे. घर ज्यांच्या कष्टावर उभे राहिले त्यांनाच ओसरीवरून परत पाठवावे, तसे हे आहे.

चेन्नई हे या बाबतीत जागरूक शहर आहे. मेरी क्लबवाला जाधव या समाजसेविकेच्या पुढाकाराने, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात, येथे मतिमंद मुलांसाठी बाल विहार सुरू झाले. १९८५ मध्ये पूनम नटराजन यांनी सुरू केलेली, आता विद्यासागर या नावाने ओळखली जाणारी कोट्टूरपुरमची संस्था देशभर ज्ञात आहे. अध्ययन-अक्षमतेसाठी काम करणारी मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन टी. नगरच्याच जी. एन. चेट्टी रोडवर आहे. बाईंच्या नातवाला जागा मिळाली ती मात्र यांपैकी कुठेही नव्हे, तर काही पालकांनीच मिळून भाड्याच्या घरात चालवलेल्या एका लहानशा केंद्रात. तिथे घंटा नव्हती. भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे दिवसाच्या कामांची चित्रे क्रमाने लावलेली असत; एक काम संपले की मुलाने ते चित्र काढून खालच्या खिशात टाकायचे. पुढे काय येणार हे आधी दिसले की भीती निम्मी होते. खोलीच्या एका कोपऱ्यात पडदा लावून उशा ठेवल्या होत्या. जग अंगावर आले की मुलाने तिथे जाऊन बसायचे, आणि ती शिक्षा मानायची नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर याने १९७२ मध्ये उभारलेल्या कार्यक्रमाची ही पद्धत; त्यात आईवडील आरोपी नसतात, सहशिक्षक असतात.

पहिले दोन महिने बाई दाराशी बसून पाहत राहिल्या. मग एक दिवस पुण्याहून आणलेली जुनी दगडी पाटी घेऊन आत गेल्या. नातवाने त्यावर मांबलमपासून ताम्बरमपर्यंतची स्थानके क्रमाने लिहिली : एकही चुकले नाही. अंकांची बेरीज त्याला कागदावर कळत नव्हती. दोन स्थानकांमधल्या अंतराची बेरीज त्याने तोंडी केली. अभ्यासक्रमाच्या दारातून जो आत येत नव्हता तो आगगाडीच्या दारातून आला. केंद्रातील एक मुलगी कुणाशीही बोलत नसे. तिला स्वमग्नता नव्हती, घरातला एक मृत्यू तिच्या आत अडकून बसला होता. बाई तिच्याशेजारी रोज अर्धा तास काही न बोलता शेंगा सोलत बसत. पाचव्या आठवड्यात तिने एक शेंग उचलली. बाईंनी त्याचे कौतुक केले नाही. तेवढे त्या आता शिकल्या होत्या.

आपल्या साहित्याने आणि कलांनी या मुलांकडे पाठ फिरवली आहे असे म्हणता येणार नाही. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने मतिमंद मुलाच्या आईवडिलांची ससेहोलपट रंगभूमीवर आणली, १९९१ च्या ‘चौकट राजा’ या चित्रपटातील नंदू अजूनही प्रेक्षकांच्या मनात आहे. या कलाकृतींची सहृदयता निर्विवाद आहे. मात्र त्यांचे केंद्र बहुधा कुटुंब असते : आमच्यानंतर याचे काय, हा आईवडिलांचा प्रश्न. मूल त्यात करुणेचा विषय होते; शिकणारा म्हणून, चुकणारा आणि सुधारणारा म्हणून ते क्वचितच येते. शाळा तर जवळजवळ नसतेच. ज्याच्यावर प्रेम करायचे ते मूल आणि ज्याला शिकवायचे ते मूल, या दोन मुलांत आपल्या कल्पनाशक्तीने नकळत अंतर ठेवले आहे. करुणा ‘आम्ही’त राहूनही करता येते. शिकवण्याला ‘आपण’ लागते, कारण शिकवताना शिकवणाऱ्यालाही बदलावे लागते.

यावर एक सोपे उत्तर दिले जाते : सर्व मुलांना एकाच वर्गात बसवा. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ब्याण्णव देशांच्या प्रतिनिधींनी समावेशक शाळेचा पुरस्कार केला तो योग्यच होता. परंतु समावेश म्हणजे एक जादा बाक नव्हे. चाळीस मुलांच्या कलकलाटात, मदतनीस नाही, शांत कोपरा नाही, शिक्षकाला तयारी नाही, अशा स्थितीत बसवलेले मूल पटावर असते, वर्गात नसते. उलटपक्षी विशेष शाळेचे सुरक्षित घरटे कायमचे झाले तर बाकीच्या मुलांना हे मूल कधी दिसतच नाही, आणि पुढच्या पिढीची मुख्याध्यापिका पुन्हा तेच सर्वनाम वापरते. काही मुलांना शेजारची शाळा मानवेल, काहींना विशेष शाळा, काहींना आज एक आणि उद्या दुसरी. निवड मुलाच्या गरजेवरून व्हावी, शाळेच्या सोयीवरून नव्हे, एवढेच तत्त्व सांगता येते; आणि ते आचरणात आणायला पैसा लागतो, माणसे लागतात, वेळ लागतो. हे तिन्ही आपण परीक्षेच्या निकालावर उदारपणे खर्च करतो.

नातू आता मोठा झाला आहे. ओठावर मिसरूड आली आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा तो एकेक विषय घेऊन देतो. तिथे एका नोंदणीवर पाच वर्षांचा अवधी आणि नऊ संधी मिळतात. तीन विषय झाले आहेत, गणित राहिले आहे. दिवाळीच्या आधी रंगनाथन स्ट्रीटवर तो अजूनही पाऊल टाकत नाही. मांबलम स्थानकापासून बसस्थानकापर्यंत २०२३ मध्ये उंचावरचा पादचारी मार्ग झाला, तो त्याला आवडतो. वरून गर्दी दिसते, अंगावर येत नाही.

बाई ऐंशीच्या घरात आहेत. आठवड्यातून दोन दिवस त्या केंद्रात जातात. तिथल्या मुलांच्या नोंदवहीत ‘शिस्त’ असा रकाना नाही. असता तरी त्यांनी तो रिकामा ठेवला असता. मुलाने आज काय केले, त्याआधी काय झाले होते, त्यानंतर काय झाले, एवढेच त्या लिहितात. अक्षर तेच आहे, सुवाच्य आणि वळणदार. १९८४ च्या त्या मुलाचा शोध घ्यावा असे त्यांच्या मनात अनेकदा आले. त्याचे वय आज पन्नाशीच्या आसपास असेल. भेटला तर काय सांगायचे हे मात्र त्यांना ठरवता आलेले नाही. क्षमा मागणे सोपे आहे. पण ज्याने आपले नाव घरी सारखे घेतले त्याला आपण कुठल्या सर्वनामाने बाहेर ठेवले, हे सांगणे सोपे नाही.

संध्याकाळी आजी आणि नातू पानगल पार्कात जातात. ठरलेला बाक, ठरलेल्या तीन फेऱ्या. तहान लागली की तो अजूनही कधी कधी ‘तुला पाणी पाहिजे’ असेच म्हणतो, आणि आजी मुकाट्याने बाटली पुढे करते. वाक्यातला कर्ता कोण हे तिला आता विचारावे लागत नाही. तिसरी फेरी संपली की तो उभा राहतो आणि म्हणतो, ‘पोलामा?’ केंद्रातल्या शिक्षिकेच्या तोंडून ऐकून उचललेला हा शब्द. जसाच्या तसा, तिच्याच सुरात. त्यात त्याला नेमके काय अभिप्रेत असते हे खात्रीने सांगता येणार नाही, आणि बाई तसा दावा करत नाहीत. ‘पोलामा’ म्हणजे ‘जाऊ या का?’ तमिळ काय, मराठी काय, या क्रियापदाला सर्वनाम लागत नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्यात आधीच आलेले असतात. आजी गुडघ्यावर हात टेकून उठते आणि उत्तर देते, ‘जाऊ या.’